‘घट्ट काळजा’चें थोतांड

प्रत्येक समाजांत कांहीं वाक्यें अशीं असतात कीं, बोलणारा तीं विचार न करतां बोलतो आणि ऐकणारा विचार न करतां मान डोलवितो. ‘त्या कामाला काळीज घट्ट लागतें’ हें अशांपैकींच एक वाक्य होय. घरांतल्या मुलानें किंवा मुलीनें रुग्णवाहिकेवर, अपघातविभागांत किंवा एखाद्या आडवळणाच्या आरोग्यकेंद्रांत काम पत्करण्याचा विचार बोलून दाखविला, कीं आमच्या सुशिक्षित घरांतून हें वाक्य हटकून निघतें. त्याच्या पाठोपाठ दुसरें निघतें : ‘आमची मुलगी फार हळवी आहे हो, तिला हें झेपायचें नाहीं.’ झालें ! खटला निकालांत निघाला. मुलगी हळवी आहे हें तिच्या आईच्या दृष्टीनें एरव्हीं भूषण. पण या एका प्रसंगीं तेंच तिच्या अपात्रतेचें प्रमाणपत्र ठरतें. या वाक्यानें किती योग्य माणसें योग्य कामापासून दूर राहिलीं, याची मोजदाद कोणी केलेली नाहीं. परंतु तें वाक्य खरें कीं खोटें, एवढें तरी तपासून पाहण्यास हरकत नसावी. आमचें मत आम्ही आधींच सांगून टाकतों. तें खोटें आहे. आणि आम्ही ज्या प्रदेशांत राहतों तेथें तें नुसतें खोटें नसून घातक आहे.

ब्रह्मपुरी हें वैनगंगेच्या अलीकडचें गांव. नदी ओलांडली कीं गडचिरोली जिल्हा लागतो. शाळा-महाविद्यालयें आणि दवाखाने यांमुळें या गांवाचें नांव पंचक्रोशींत आहे. चंद्रपूर, गडचिरोली आणि भंडारा अशा तीन जिल्ह्यांतले रोगी येथें येतात. तरीहि दुखणें फार अवघड झालें कीं नागपुराची किंवा चंद्रपुराची वाट धरावी लागते, आणि तीं शहरें हांकेच्या अंतरावर नाहींत. म्हणून ‘तातडी’ या शब्दास येथें शहरांतल्यापेक्षां निराळा अर्थ आहे. धानाची रोवणी चालू असतां बांधींत टाकलेला पाय सर्पाच्या अंगावर पडतो. रात्रीं जमिनीवर निजलेल्या माणसास मण्यार डसते आणि पहाटेपर्यंत त्यालाहि पत्ता नसतो. वैशाखांत पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो आणि उन्हांत राबणारा मजूर बोलतां बोलतां भ्रमिष्ट होतो. मोहफुलें वेंचावयास आणि तेंदूपान तोडावयास गेलेलीं माणसें वाघाच्या तावडींत सांपडतात. १० मे २०२५ रोजीं शेजारच्या सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपानासाठीं गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं अशा बळी पडल्या. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेस महापूर आला, तेव्हां लाडजसारख्या चहूंकडून पाण्यानें वेढलेल्या गांवांतून माणसें बाहेर काढावीं लागलीं.

सरकारनें कांहीं केलें नाहीं असें नाहीं. २०१४ सालीं महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, तेव्हां तिच्यासाठीं ९३७ रुग्णवाहिका योजिल्या होत्या आणि गाडीबरोबर डॉक्टर असावा अशी तिची आंखणी होती. परंतु गाडी कारखान्यांत तयार होते. तींत बसणारें माणूस घराघरांतून यावें लागतें. तें घरच जर ‘हें आपलें काम नव्हे’ असें म्हणूं लागलें, तर गाडी दाराशीं उभी राहील आणि आंत बसावयास कोणी मिळणार नाहीं. प्रश्न एवढा प्रत्यक्ष आहे.

वाचक विचारतील, मग या कामास मनाची कांहींच तयारी लागत नाहीं कीं काय ? लागते, आणि पुष्कळ लागते. ती लागते कीं नाहीं, हा आमचा वाद नाहींच. ती तयारी म्हणजे नेमकें काय, ती उपजत असते कीं घडवितां येते, आणि ती घडविण्याची जबाबदारी कोणाकोणावर आहे, हा आमचा वाद आहे.

प्रथम सर्वांत लोकप्रिय पुरावा घेऊं. ‘त्याला रक्त पाहिलें कीं भोंवळ येते, तो काय डॉक्टरकी करणार ?’ रक्त पाहून भोंवळ येणें हें भित्रेपणाचें लक्षण आहे, अशी समजूत यांत गृहीत धरलेली असते. वस्तुस्थिति अशी कीं, इतर भीतींत नाडी जलद चालते आणि रक्ताचा दाब वाढतो. या एका प्रकारांत मात्र तो क्षणभर वाढून एकदम खालीं येतो, मेंदूस रक्त कमी पडतें आणि माणूस कोसळतो. ही शरीराची एक खोड आहे; तींत मनाचा कमकुवतपणा कोठेंच येत नाहीं. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८० नंतरच्या दशकांत यावर एक अगदीं साधा उपाय दाखवून दिला. हात, पाय आणि धड यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आंवळून धरावयाचे, मग सैल सोडावयाचे, आणि हें पुनःपुन्हां करावयाचें. त्यामुळें रक्ताचा दाब टिकतो आणि भोंवळ टळते. थोड्या बैठकींत हें साधतें. ज्या गोष्टीवर तालमींतल्यासारखा व्यायाम हा इलाज आहे, तिच्यावरून एखाद्याच्या आयुष्याचा निकाल लावणें याला काय म्हणावें ?

आतां हें काम प्रत्यक्षांत कसें असतें तें पाहूं. मण्यारीचेंच उदाहरण घ्या. तिचा दंश पुष्कळदां दुखत नाहीं आणि दांतांची खूणहि नीट दिसत नाहीं. पुढें पोटांत दुखूं लागतें, पापण्या जड होतात, गिळतां येत नाहींसें होतें आणि शेवटीं श्वासाचे स्नायू लुळे पडतात. सर्पविषावरची लस द्यावीच लागते. परंतु एकदां श्वास थांबूं लागला कीं लशीवर भिस्त ठेवून भागत नाहीं, दुसऱ्या कोणी तरी त्या रोग्यासाठीं श्वास घ्यावा लागतो. तोंडावर मुखवटा धरून रबरी पिशवी पांच-सहा सेकंदांस एकदां, अशी सारखी दाबीत राहावयाची. दोन तासांची वाट असेल तर हा हात हजाराहून अधिक वेळां दाबला जातो. गाडी खड्ड्यांतून उसळते, नातेवाईक रडत असतात, आणि मोजणी चुकवून चालत नाहीं. आम्ही विचारतों, या हजार दाबण्यांत घट्ट काळजाचें काम कोठें आहे ? लक्ष आहे, चिकाटी आहे, आणि आपल्या हाताखालीं एक माणूस आहे याची अखंड जाणीव आहे. तापानें फणफणलेल्या मुलाच्या उशाशीं घड्याळ ठेवून रात्रभर पट्ट्या बदलणाऱ्या आईजवळ हेंच गुण असतात. तिला कोणी घट्ट काळजाची म्हणत नाहीं. आणि तिचें काळीज घट्ट असतें तर ती पहाटेपर्यंत जागलीहि नसती.

विरुद्ध पक्षाची बाजू आम्ही दुबळी करून मांडूं इच्छित नाहीं. त्यांच्या बाजूस मोठें नांव आहे. नामांकित वैद्य सर विल्यम ऑस्लर यांनीं १ मे १८८९ रोजीं पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत नवपदवीधरांपुढें जें भाषण केलें, त्यांत अविचलता हा वैद्याचा पहिला गुण म्हणून सांगितला, आणि शांत निर्णयासाठीं थोडीशी असंवेदनशीलता आवश्यकच असते, असेंहि प्रतिपादन केलें. ज्याचा हात कांपतो आणि ज्याचा चेहरा घाबरलेला दिसतो, त्याच्यावर रोगी विश्वास ठेवीत नाहीं, हें त्यांचें म्हणणें अगदीं खरें आहे. परंतु आमचे मित्र एवढेंच ऐकून भाषणांतून उठून जातात. मनुष्याचें अंतःकरण मात्र कठीण होऊं देऊं नका, अशी ताकीद ऑस्लर यांनीं त्याच ओघांत दिली होती. आणि ही अविचलता अनुभवानें व रोगाच्या ज्ञानानें येते हेंहि ते जाणून होते. म्हणजे स्थिर राहावयाचें तें हातानें आणि चेहऱ्यानें. ज्यास पुढचें पाऊल कोणतें हें ठाऊक आहे त्याचा हात कांपत नाहीं; ज्यास तें ठाऊक नाहीं त्याचा कांपतो, मग त्याचें काळीज दगडाचें कां असेना. येथें कंप थांबवितें तें ज्ञान आणि सराव. निष्ठुरतेचा त्याशीं कांहीं संबंध नाहीं.

ज्यांस पाश्चात्त्य वैद्याचा दाखला नको, ते गीतेंतल्या स्थितप्रज्ञाकडे बोट दाखवितात. त्यांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं गीतेचा पहिला अध्याय विसरूं नये. रणभूमीवर ज्याचे हातपाय गळाले, अंगास कंप सुटला आणि हातांतलें गांडीव गळून पडलें, तो त्या सेनेंतला सर्वांत कुशल धनुर्धर होता. त्यास श्रीकृष्णानें ‘तुझें काळीज घट्ट नाहीं, तूं घरीं जा’ असें सांगितलें नाहीं. रथ उभा केला, आणि अर्जुनाचा संशय फिटेपर्यंत तो त्याच्याशीं बोलत राहिला. मनाची तयारी कशी होते, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. जाणत्या माणसाची सोबत हा त्या तयारीचा अर्धा भाग आहे, आणि आम्ही तोच विसरतों.

परंतु पुराण आणि परदेश हे दोन्हीं बाजूस ठेवूं. पुरावा आमच्या नदीच्या पलीकडच्या तीरावरच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें गडचिरोली जिल्ह्यांतल्या ३९ खेड्यांत १९९५ पासून जें काम केलें, तें जगानें वाचलें. आमच्या घरांतून तें किती जणांनीं नीट वाचलें याची शंका वाटते. खेड्यांतल्याच, थोडें शिक्षण झालेल्या स्त्रियांस नवजात बालकांची शुश्रूषा शिकविण्यांत आली. जन्मतांच न रडणाऱ्या, श्वास न घेणाऱ्या बालकाच्या घशांतला चिकटा काढणें आणि पिशवीनें त्यास श्वास देणें, हें काम या स्त्रियांनीं झोपडींत, कंदिलाच्या उजेडांत केलें. जंतुदोषाचीं लक्षणें ओळखून त्यांनीं औषधाचीं इंजेक्शनेंहि दिलीं. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झालेल्या निबंधाप्रमाणें, तिसऱ्या वर्षीं त्या गांवांतील नवजात बालकांचें मृत्युप्रमाण तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें शेंकडा ६२ नीं घटलें. पुढें २०११ सालीं भारत सरकारनें हीच पद्धति ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली.

या स्त्रियांची निवड काळजाची घट्टता मोजून झाली होती काय ? मुळींच नाहीं. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. पहिलें वर्ष मुख्यतः पाहण्याचें, तपासण्याचें आणि नोंदी ठेवण्याचें होतें. उपचाराचा भार त्यानंतर हळूहळू आला. पाठीशीं देखरेख होती, चुकल्यास सांगणारें माणूस होतें, आणि पाळण्यांतलें बाळ आपल्याच गांवचें होतें. हळवेपणा त्यांच्या आड आला नाहीं. शेजारणीच्या बाळासाठीं रात्रीं उठून जाण्याचें बळ त्यांस त्यानेंच दिलें. त्याच जिल्ह्यांत हेमलकशास २३ डिसेंबर १९७३ रोजीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे शस्त्रक्रियेचें पुढील शिक्षण सोडून तेथें गेले, आणि भूलशास्त्र शिकलेल्या डॉ. मंदाकिनी त्यांच्याबरोबर गेल्या. वीज नाहीं, रस्ते नाहींत, अशा ठिकाणीं अस्वलांनीं फाडलेले चेहरे त्यांनीं शिवले. आणि हेच ते आमटे, ज्यांनीं अनाथ झालेलीं वन्य पशूंचीं पिलें आपल्या अंगणांत वाढविलीं ! ज्यास पोरक्या पिलाची दया येते तो या कामास नालायक, असें म्हणणारांनीं हें अंगण एकदां पाहून यावें. आणि मागें जावयाचें तर १८९७ च्या प्लेगांत आजारी मुलास उचलून मुलाच्या दवाखान्यांत नेणाऱ्या आणि त्याच साथींत १० मार्च रोजीं प्राण ठेवणाऱ्या सावित्रीबाई फुले आहेत. काळीज घट्ट असतें तर त्या घरींच बसल्या असत्या.

तेव्हां माणूस या कामांत मोडतच नाहीं काय ? मोडतो. पण कोठें मोडतो तें पाहिलें पाहिजे. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेंत नव्यानें दाखल झालेल्या ३८६ जणांचा दोन वर्षें माग ठेवून केलेला एक अभ्यास २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतल्या बहुतेकांस मनाचें गंभीर दुखणें झालें नाहीं. ज्यांस झालें त्यांच्यांत एक गोष्ट आरंभापासूनच ठळक होती : क्लेशदायक आठवणी मनांत घोळवीत बसण्याची संवय. ‘असें माझ्याच वांट्यास कां आलें ? मी तेव्हां तसें केलें असतें तर ?’ हें चक्र एकदां फिरूं लागलें कीं थांबत नाहीं. प्रसंगाच्या वेळीं हात चालत असतात. तडा जातो तो त्या रात्रीं अंथरुणावर, दिवा मालवल्यानंतर.

या दोन वाटांतला फरक महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या चरित्रांत स्वच्छ दिसतो. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रांत असतां कोंकणांतल्या लाल विंचवाच्या दंशानें डोळ्यांदेखत मुलें दगावतांना त्यांनीं पाहिलीं. त्या मृत्यूंचें दुःख त्यांस झालें नसेल असें कोण म्हणेल ? परंतु त्यांनीं तें दुःख वहींत उतरविलें. रोग्याच्या उशाशीं बसून नाडी, दाब आणि श्वास यांच्या नोंदी केल्या, विष हृदयावर घाला घालतें हें ओळखलें, आणि पुढें प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला. शेंकडा तीस-चाळीसांच्या घरांतलें मृत्युप्रमाण त्यामुळें एक-दोनांवर आलें. ‘माझ्याच वांट्यास कां ?’ हा प्रश्न माणसास खातो. ‘हें मूल नेमकें कशानें गेलें?’ हा प्रश्न पुढच्या मुलास वांचवितो. दोहींच्या मुळाशीं दुःख एकच. दुःख न होणें ही तयारी नव्हे. झालेल्या दुःखास कोणत्या प्रश्नाकडे वळवावयाचें, हें शिकणें ही तयारी होय.

येथें आणखी एका भ्रमाचा समाचार घेतला पाहिजे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं काँग्रेसनें पाठविलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून चीनला गेले. १९४० सालीं त्यांनीं ७२ तास जवळजवळ अखंड शस्त्रक्रिया केल्या, ही गोष्ट आम्ही मुलांस अभिमानानें सांगतों, आणि सांगावीहि. परंतु ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, अपस्माराच्या झटक्यांनीं त्यांचें निधन झालें, हा त्या गोष्टीचा उत्तरार्ध आम्ही घाईनें उरकतों. युद्धभूमीवर ज्यास इलाज नव्हता तो त्याग होता. शांततेच्या काळांत, पाळ्या नीट लावतां येत असतांना, तोच त्याग पगाराच्या अटींत घालणें हा निव्वळ अव्यवहार आहे. चोवीस तास जागलेल्या माणसाचें कौशल्य भरपूर दारू प्यालेल्या माणसाइतकें खालावतें, हें १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें आहे. मद्यप्याच्या हातीं आम्ही आपली मोटार देत नाहीं. मग झोपेनें झिंगलेल्या माणसाच्या हातीं आपला रोगी देऊन वर त्याच्या घट्ट काळजाची तारीफ कशी करतों?

तर मग या कामाची इच्छा धरणाऱ्या तरुणानें किंवा तरुणीनें स्वतःस काय विचारावें ? पहिला प्रश्न : माझ्या हातून चूक झाली तर ती झांकण्याकडे माझा कल असतो कीं सांगून टाकण्याकडे ? चूक झांकणारा माणूस कितीहि धीट असो, त्याच्या हातून दुसरी चूक व्हावयाचीच. दुसरा : गाडीचा चालक किंवा वयानें लहान परिचारिका ‘साहेब, थांबा’ असें म्हणाली, तर मला थांबतां येईल काय ? तिसरा : शेवट न कळतां काम सोडतां येईल काय ? रोगी मोठ्या दवाखान्याच्या दारांत सोंपवून परत फिरावयाचें. तो जगला कीं गेला हें बहुधा कळत नाहीं, आणि आभार मानावयास कोणी येत नाहीं. चौथा : अपयशाचा हिशेब मला ठाऊक आहे काय ? घराबाहेर हृदय बंद पडलेल्या दहा रोग्यांपैकीं नऊ जण सधन देशांतहि वांचत नाहींत. हें आधीं माहीत असलेला माणूस दहाव्यासाठीं छाती दाबीत राहतो. माहीत नसलेला पहिल्या नवांच्या मृत्यूंचा गुन्हा आपल्या माथीं घेतो. पांचवा आणि सर्वांत अवघड : मी कशासाठीं जात आहें ? लोकांनीं वीर म्हणावें म्हणून जाणारा लवकरच रुसतो; स्वतःचें ताजें दुःख विसरावें म्हणून जाणाऱ्यास तेंच दुःख प्रत्येक खाटेवर भेटतें. नुकताच घरांत मृत्यु झाला असेल, मन कित्येक आठवडे उदास असेल, झोंप उडाली असेल, तर आधीं स्वतःचा उपचार करून घ्यावा. अशानें दाराशीं थांबावें. पण ‘आज नको’ म्हणजे ‘कधींच नको’ नव्हे, हें त्यास आणि त्याच्या घरच्यांस स्पष्ट सांगितलें पाहिजे.

हे प्रश्न खोलींत एकट्यानें बसून सुटावयाचे नाहींत. पाण्यांत न उतरतां आपणांस पोहतां येईल काय याचा विचार वैनगंगेच्या कांठीं बसून वर्षभर केला, तरी उत्तर मिळणार नाहीं. प्रथमोपचाराचें शिक्षण घ्यावें, कांहीं आठवडे जाणत्या माणसाच्या मागें उभें राहून नुसतें पाहावें, मग हलकें काम हातीं घ्यावें. आणि त्या काळांत आपण रडलों कीं नाहीं हें मोजूं नये. दुसऱ्या दिवशीं वेळेवर परत आलों कीं नाहीं हें मोजावें.

आतां घरच्या मंडळींस. तुम्ही मुलीस ‘तुला झेपेल काय ?’ असें विचारतां. ती रात्रपाळीहून परत आल्यावर तुम्हांस काय झेपेल, हें कधीं स्वतःस विचारलें आहे काय? एखाद्या आपत्तीनंतर एकदां सर्वांस बसवून त्यांच्याकडून सगळें वदवून घेतलें कीं मन मोकळें होतें, अशी पद्धत अमेरिकेंतील जेफ्री मिचेल यांनीं १९८३ सालीं सुचविली आणि ती जगभर पसरली. पुढें अनेक प्रयोग एकत्र तपासून पाहतां, अशा एकाच बैठकीनें पुढचें दुखणें टळतें याला आधार मिळाला नाहीं. एका दिवसाच्या सोहळ्यानें मन सांभाळलें जात नाहीं. त्याला रोजची सोबत लागते. ती सोबत दवाखान्यांत वडील सहकाऱ्यानें द्यावयाची, आणि घरांत तुम्ही. ती गप्प असेल तर खोदून विचारूं नये. ती बोलूं लागली तर ‘पुरे, जेवतांना नको’ म्हणून तिचें तोंड बंद करूं नये. तिला झोंपूं द्यावें, आणि पाहुण्यांपुढें तिच्या कामाचें कौतुक किंवा कींव यांपैकीं कांहींच करूं नये. एवढें ज्या घरास झेपत नाहीं, त्या घरानें मुलीच्या मनाची परीक्षा घेऊं नये.

आणि समाजानें तर घेऊंच नये. मार्च २०१७ मध्यें धुळ्याच्या शासकीय रुग्णालयांत रोग्याच्या नातेवाइकांनीं एका निवासी डॉक्टरास इतकी मारहाण केली कीं त्याच्या डोळ्यास गंभीर इजा झाली, आणि राज्यभर निवासी डॉक्टर कामावरून दूर राहिले. अशा हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रांत कायदा त्यापूर्वीं कित्येक वर्षें अस्तित्वांत होता. म्हणजे कायदा होता, पण लाज नव्हती. ज्या समाजाचा जमाव दवाखान्यांत हात उगारतो आणि ज्या समाजाची मध्यम स्थितींतली मंडळी तें वर्तमानपत्रांत वाचून ‘म्हणूनच आमच्या मुलांस तिकडे पाठवीत नाहीं’ असें म्हणतात, त्या समाजानें काळजाच्या घट्टपणाची अट घालणें ही मोठीच चतुराई आहे ! पाळी किती तासांची असावी, औषध सांठ्यांत आहे कीं नाहीं, गाडी दुरुस्त आहे कीं नाहीं, मार खाण्याची भीति आहे कीं नाहीं, हे सारे प्रश्न एका शब्दानें झांकले जातात. माणूस मोडला कीं म्हणावयाचें, त्याचें काळीजच कच्चें होतें. व्यवस्थेचें कांहीं कच्चें होतें असें म्हणावयास नको. ‘घट्ट काळीज’ हा शब्द आमच्या इतका आवडीचा कां, याचें खरें उत्तर येथें आहे. तो आम्हांस जबाबदारींतून मोकळें करतो.

कोणी म्हणेल, सर्वांनींच या कामांत पडावें काय ? असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यास गणिताची आवड आहे त्यानें गणित करावें, ज्यास शेती आहे त्यानें शेती करावी. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जो जाऊं इच्छितो त्यास खोट्या कसोटीनें मागें ओढूं नये, आणि जो जाऊं इच्छित नाहीं त्यानें हळवेपणाची ढाल पुढें करूं नये. ‘मला इच्छा नाहीं’ असें सरळ म्हणावें. त्यांत लाज नाहीं. लाज आहे ती आपल्या अनिच्छेस सद्गुणाचें नांव देण्यांत.

पुढच्या पावसाळ्यांतहि रोवणी होईल, बांधींत माणसें उतरतील, आणि त्यांतला एखादा रात्रीं आमच्या गांवच्या दवाखान्याच्या दारांत आणला जाईल. त्याच्या पापण्या मिटत असतील आणि श्वास लहान होत चालला असेल. त्या वेळीं त्यास पिशवी दाबणारा एक शिकलेला हात हवा असेल, आणि त्या हातामागें आपल्यासाठीं जागणारें एक मन. तें मन हळवें असलें तर त्याची कांहीं तक्रार असणार नाहीं.